चौघांचं खोकं

३ मार्च, सोमवार
आजपासून घरात क्रांती. परवा बाबांच्या हातावर तेल उडालं. वय बहात्तर. तीस वर्षं हॉस्पिटलच्या मेसमध्ये रांधलं, आई गेल्यापासून पाच वर्षं आमच्यासाठी. आता पुरे. मी मील किट लावलं, रोज घरी येणारं खोकं. भाज्या चिरलेल्या, मसाले मोजलेले, सोबत कार्ड, वीस मिनिटांत जेवण. ऑफिसात मी लोकांना वेळ वाचवायला शिकवतो, मग घरी का नको?
बाबांना सांगितलं, आता फक्त आराम. त्यांनी हातातला डाव धुऊन जागेवर ठेवला. भारावले असावेत.

५ मार्च
किट दोघांचं मिळतं किंवा चौघांचं. आम्ही पाच: मी, बायको, मोठी, धाकटा, बाबा. चौघांचं मागवलं. बाबा चिमणीएवढं खातात. बायको म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. बदलाला विरोध होतोच. माझ्या ट्रेनिंगमध्ये दुसऱ्याच स्लाइडवर आहे.

८ मार्च
पास्ता. वीस मिनिटांचे पावणेदोन तास झाले. चूक कार्डाची. ‘मध्यम आच’ म्हणजे किती, ते लिहीतच नाहीत. बाबा दारात उभे राहून म्हणाले, गॅस बारीक कर. त्यांना प्रेमाने टीव्हीसमोर नेऊन बसवलं. वाढताना जरा कमी पडलं, पण बाबा म्हणाले भूक नाही. नशीब.

१२ मार्च
बाबांना आजही भूक नाही. वय, दुसरं काय. संध्याकाळी फिरायला मात्र नेमाने जातात. पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलंय. पोट उतरलं! आरामाचा गुण.
धाकट्याने विचारलं, आजोबांचं जेवण परत कधी चालू होणार. त्याला समजावलं, आजोबा रिटायर झाले. बाबा तिथेच बसले होते. हसले. निदान मला तसं वाटलं.

१७ मार्च
मोठी म्हणते, आजोबा कोपऱ्यावरच्या बेकरीबाहेर बाकावर बसून कोरडा पाव खात होते. मी म्हणालो, आवडत असेल. ती म्हणाली, त्यांना पाव कधीच आवडला नाही, बाबा, तुम्हाला माहीत नाही? आणि ताटावरून उठली. हल्ली मुलं फार उलट बोलतात.
बायको म्हणाली, पाचांचं मागवा. आता ॲपमध्ये पाच हा पर्यायच नाही, त्याला मी काय करू? चार अधिक दोन घेतलं तर एकाचं वाया जातं. अन्न वाया गेलेलं बाबांनाच खपत नाही.

२१ मार्च
बाबा ताईकडे गेले, चार दिवसांसाठी. हवापालट चांगलाच. आज खोकं नेमकं पुरलं. म्हणजे माझा हिशेब मुळात बरोबर होता. जेवताना कोणी बोललं नाही. शांतता हवीच.

३० मार्च
चाराचे नऊ दिवस झाले. ताईचा फोन आला. बाबांचं वजन पाच किलो उतरलंय. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, त्या घरात एक माणूस जास्त होतं.
मी ताईला ॲपची अडचण समजावून सांगायला लागलो. तिने फोन ठेवला. रेंज गेली असेल.
नाही. रेंज होती.

६ एप्रिल, रविवार
बाबांना आणायला गेलो. वाटेत भाषण तयार केलं: किट बंद, उद्यापासून स्वयंपाकघर तुमचं. ताईकडे सगळे जेवायला बसलेले, बाबा वाढत होते. मला बघून काही विचारलं नाही, ताट मांडलं. मी दोनदा मागून घेतलं. महिनाभर मीही अर्धपोटीच होतो, ते तेव्हा कळलं. घरी चला, एवढंच म्हणालो.
बाबा म्हणाले, राग नाही रे, पण इथे मला रोज विचारतात, आज काय करायचं.
मग ते जेवायला बसले. पातेल्यात डाव घातला तर तळ लागला. मी दोनदा घेतलं, त्यातच सगळं संपलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ताई उठली आणि फळीवरून झाकलेलं ताट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांचं ती आधीच बाजूला काढून ठेवते, रोज.
मी एकटाच परत आलो.