अमोलच्या रणगाड्याचा दोर

६ जानेवारी, जळगाव

अमोलचा फोन नाही. रेजिमेंट हलली एवढंच कळलं, तेही त्याच्या शेवटच्या मेसेजमधून. "आई, काही दिवस फोन बंद राहील. काळजी नको. टँकचा दोर तेवढा कर." कुठे हलली, कशासाठी, काही नाही. टीव्हीवाल्यांना मात्र सगळं ठाऊक. स्टुडिओत बसून नकाशावर लाल बाण ओढतात. त्या बाणात माझा मुलगा आहे, गाढवांनो.

त्याच्या टेबलावर छोटा रणगाडा उभा आहे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. दिवाळीच्या सुट्टीत त्याने जोडला, रंगवला. फक्त ओढदोर राहिला. एक रणगाडा रुतला की दुसऱ्याने ओढून काढायचा, तो तारांचा जाड दोर. खऱ्या रणगाड्यांच्या अंगावर अडकवलेला असतो. सुट्या भागांच्या खोक्यात त्यासाठी सुती दोरा दिलाय, पण साहेबांची ताकीद: तो लावायचा नाही. "त्याला लव असते आई. रणगाड्याला स्वेटर घातल्यासारखं दिसतं."

मला सुईत दोरा धड ओवता येत नाही. माझ्या हातांचा उपयोग टेबलावर मूठ आपटण्यापुरता. पण करीन म्हटलं होतं.

८ जाने.

भा.ने मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची केसासारखी तार आणली. तिच्यावर लाखेसारखा थर असतो, तो जाळल्याशिवाय काळा रंग धरत नाही. गॅसवर धरली. लाल झाली, मऊ पडली. घरभर वास. भा. म्हणाला, "आपलं लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात पहिल्यांदाच मन लावून काहीतरी करतेयस." उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तासभर दिलं असतं.

तारांचा जुडगा केला, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं हातड्रिलमध्ये. फिरवत गेले. देखणा पीळ बसला. भा.ला हाक मारली, बघ म्हटलं, आणि टोक सोडलं. सगळा दोर उलटा गरगरला आणि त्याचा गुंता झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच. घट्ट पिळावं तितका जोरात सुटतो.

धुळ्याहून नानांचा फोन. व्याख्यानमाला तेच चालवतात. माझा दिवस १९. विषय त्यांनीच ठरवलाय: 'भय'. "ताई, तुमचा हातखंडा!" खरं आहे. भीती जन्मजात नसते, ती शिकवली जाते आणि शिकवणाऱ्याचा त्यात फायदा असतो, हे मी चोपड्यापासून साक्रीपर्यंत सांगत आले. टाळ्या घेतल्या.

आज सकाळी दारावरची बेल वाजली. दूधवाला होता. मला खुर्चीतून उठता येईना. भा.ने पातेलं नेलं.

११ जाने.

शिंदखेड्याहून अक्कांचा फोन. भा.ची मोठी बहीण, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"माले माहीत शे, तू नवस बोलस नहीं. मी बोली टाका. तू फक्त आडवी येऊ नको."

म्हटलं, अक्का, रणगाडा नवसाने चालत नाही, डिझेलने चालतो.

"पोऱ्या तुना एकलीना शे का? बठ्ठा घरना शे!" पोरगा सगळ्या घराचा म्हणे. फोन आपटला.

इतर वेळी मी उलटा फोन लावून वाद पुरा केला असता. आज केला नाही. काय नवस बोलल्या, हे विचारावंसं वाटलं. याची लाज वाटते. लाज वाटूनही विचारावंसं वाटतंय.

१३ जाने.

भा.च्या मित्राने यावल रस्त्याच्या मळ्यावर वांग्याच्या भरताला बोलावलं होतं. घरात बसून वेडी होशील म्हणून भा.ने ओढून नेलं. काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, कळण्याची भाकरी, सगळे हसतायत.

मग आरडाओरडा. केळी भरलेला ट्रक पाटाच्या कडेला ओल्या मातीत बसला होता. पुढे ट्रॅक्टर लावला, मधे तारदोर. मी धावत गेले. मला दोर बघायचा होता, ट्रकचं काही पडलं नव्हतं. वाकले, बोटाने चाचपला. बारीक तारांचे पेड, त्यांचा पीळ एका अंगाला. आणि ते पेड मिळून जो दोर झालाय त्याचा पीळ बरोबर उलट्या अंगाला. म्हणून तो सुटत नाही. एक पीळ दुसऱ्याला धरून ठेवतो. मी सगळं एकाच दिशेने पिळत होते! एवढा आनंद झाला की मोठ्याने हसले.

ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ मावशी, सरका! दूर व्हा सगळे! तुटला तं पाय घिऊन जाईन!"

सगळी माणसं भराभर मागे गेली. दोर ताणला, जमिनीवरून उचलला गेला, किर्रर्र वाजला. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या मधल्या जागेत चिटपाखरू नव्हतं.

तेव्हा दिवाळीतलं आठवलं. जेवताना मी सहज विचारलं होतं, दोर बांधतं कोण रे? अमोल लसणाची चटणी भाकरीला लावत म्हणाला, "कोणीतरी उतरावं लागतं. माझ्या गाड्यांपैकी एखादी रुतली तर आधी मी उतरतो. पोरांना उतर म्हणायचं आणि आपण आत बसायचं, जमत नाही." मी म्हटलं होतं, शाब्बास.

रणगाड्याला इतकं जाड पोलाद असतं. मी त्या पोलादाच्या भरवशावर होते. दोर बांधायला माणूस पोलादाच्या बाहेर येतो. कपाटभर युद्धं वाचली, सेनापतींच्या चुका तोंडपाठ आहेत. दोर कोणी बांधला, हे एकाही पानावर नाही.

परत येताना भा. गाडी फार सावकाश चालवत होता.

१४ जाने.

संक्रांत. शेजारीण तिळगूळ देऊन "गोड बोला" म्हणाली. बरं म्हटलं. भा. घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

१६ जाने.

दोर झाला. आधी लहान पेड उजवीकडे पिळले, मग ते एकत्र करून डावीकडे. टोक सोडलं. जागचा हलला नाही. खिळ्याला गुंडाळून पुन्हा गॅसवर धरला, म्हणजे अकडून उभा राहत नाही, आपल्या वजनाने पडल्यासारखा पडतो. काळा रंग, वर पेन्सिलीचं शिसं घासलं, पिळाच्या खाचांत थोडा गंजाचा रंग. टोकांना खोक्यातले प्लास्टिकचे डोळे, म्हणजे अडकवायची कडी, चिकटवले. एक तार अंगठ्यात घुसली. रक्त आलं, बरं वाटलं. काहीतरी दुखत होतं तेवढा वेळ डोकं बंद होतं.

संध्याकाळी भा.ने टीव्ही लावला. खालच्या पट्टीत: लष्करी सरावात अपघात, रुतलेला रणगाडा काढताना काही जवान जखमी. बस. पट्टी सरकली, सोन्याचे भाव आले.

ठिकाण नाही. नावं नाहीत. रेजिमेंट नाही.

भा. रेजिमेंटच्या कार्यालयाचा नंबर फिरवत बसलाय. लागत नाही. मी म्हटलं, देशात रणगाडे काय एकाच रेजिमेंटकडे आहेत? युक्तिवाद बिनतोड होता. भा.ने मान डोलावली. मी न्हाणीघरात जाऊन उलटी केली.

१७ जाने.

कार्यालयाला फोन लागला. "माहिती आली की कळवू." म्हणजे? म्हणजे माहिती आली की कळवू.

दुपारी नानांनी व्याख्यानाचं पोस्टर पाठवलं. माझा फोटो, मागे तिरंगा, खाली मोठ्या अक्षरांत 'वीरमाता'. मला ते अक्षर न् अक्षर दिसत होतं. फोन केला.

"नाना, ही पदवी कोणाच्या आईला देतात, माहीत आहे?"

"ताई, तुमचा मुलगा फौजेत. मान म्हणून हो..."

"जिचा मुलगा पेटीतून येतो त्या बाईला देतात, नाना! सगळं धुळं ते वाचतंय. काढा."

गरीब माणूस. त्याचं ततपप झालं. "काढतो, आत्ता काढतो. माझ्या लक्षातच..." घर पेटल्यावर ओरडावं तशी ओरडले मी त्याच्यावर. गाव भरून पोस्टर लागलीत म्हणे. माणसं पाठवतो म्हणाला, त्यावर कागद चिकटवायला.

अक्कांना मी होऊन फोन केला. नवसाचं विचारलं नाही. नुसतं म्हटलं, काही कळलं का तुम्हाला? जणू शिंदखेड्याला आधी कळणार होतं. त्या या वेळी ओरडल्या नाहीत. "नहीं व माय," म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्याने जास्तच घाबरले.

१९ जाने., धुळे

भा. नको म्हणत होता. गेले. घरात बसून फोनकडे बघण्यापेक्षा बरं. पारोळ्याच्या पुढे फोनला रेंज जात-येत होती, तेव्हा मात्र गाडी मागे फिरव म्हणून ओरडले.

सभागृह भरलेलं. कोपऱ्यातल्या पोस्टरवर कागद चिकटवलेला, त्यातून खालची अक्षरं दिसत होती. फोन पहिल्या रांगेत भा.च्या मुठीत.

भाषण पाठ आहे, झोपेत देऊ शकते. तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य आलंच नाही. दुसरंच आलं. "मी आज घाबरलेली आहे."

लोकांना वाटलं, ही सुरुवातीची युक्ती. हसले. नाना शेजारून पुटपुटले, "ताई, जरा जोशात."

सांगितलं सगळं. दोर, ट्रक, मधली रिकामी जागा. म्हटलं, आजवर मी तुम्हाला सांगत आले की भीती सोडा. मला माहीत नव्हतं, ती दोराजवळ उतरणाऱ्याला असते. लांबून ओरडणाऱ्याला भीती नसते, कारण त्याला खाली उतरायचं नसतं. युद्ध पाहिजे म्हणून ओरडणारे सगळे ट्रॅक्टरपासून लांब उभे आहेत.

मागून एक गृहस्थ उठले. "ताई, पोरगा फौजेत अन् आई घाबरते? शोभतं का?"

"नाही शोभत. तुमचा पाठवा, मग दोघं मिळून घाबरू."

कोणी हसलं नाही, टाळी नाही. गृहस्थ बसले.

आवाज फाटला होता. पाणी प्याले. पुढचं काय बोलले आठवत नाही. भा.ची मूठ बघत बोलले.

२१ जाने., जळगाव

आज दुपारी अमोलचा फोन आला. अनोळखी नंबरवरून. त्याचाच आवाज. "आई, मी ठीक आहे."

भा. तिथेच जमिनीवर बसला आणि रडायला लागला. मग उठून अक्कांना फोन, शेजारी फोन, कुठे कुठे फोन. आता जिलबी आणायला गेलाय. चप्पल न घालता गेला.

मी बोलले तेवढं लिहून ठेवते. म्हटलं, व्हिडिओ लाव. "नेटवर्क नाही गं इथे." आवाज मात्र स्वच्छ येत होता. मागे चाकांचा आवाज, गुळगुळीत फरशीवरून काहीतरी ढकलत नेत होते. एक बाई हिंदीत म्हणाली, हिलना मत. त्याने फोनवर हात ठेवला असावा, मग पुन्हा आला. "जेवलीस का? बाबांचं बीपी?" भलभलतं विचारत होता. रणगाड्याबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याने पहिला प्रश्न दोराचा विचारला असता.

मी म्हटलं, हो. जेवले. बरं आहे.

मी मंत्र्यांना भर सभेत उभं करून प्रश्न विचारलेत. उत्तर मिळेपर्यंत माईक सोडला नाही. आज माझ्या तोंडात एकच प्रश्न होता, चार शब्दांचा, कुठे लागलंय रे तुला? आणि मी तो गिळला. कारण मी विचारलं असतं तर तो खरं बोलला असता.

"ठेवतो आई. पुन्हा करतो."

कधी, तेही विचारलं नाही. भा. आला वाटतं, जिन्यात कोणाला तरी ओरडून सांगतोय, पोरगा ठणठणीत आहे म्हणून.