मेल्विनाची खुर्ची

९ एप्रिल

पुण्याहून पोचले एकदाची! मालवणच्या अलीकडे खाडीकाठी हे गाव, आणि इमेल्डाआंटींच्या घरात मला मिळालेली ही खोली, खिडकीत काजूचं झाड. इमेल्डाआंटी साठीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. मुलगा मॅक्सवेल (त्या 'माजो झील' म्हणतात) गोव्यात नोकरीला, त्याचं लग्न पुढच्या महिन्यात. रात्रीच्या जेवणात बांगडा होता. मला माशांचा वासही सहन होत नाही हे ऐकून त्यांना माझी फार कीव आली. बिचारीने माझ्यासाठी वेगळी डाळ केली.

कामाविषयी लिहून ठेवते. मी जोड्यांचा अभ्यास करते: नवरा-बायको, भावंडं, मैत्रिणी. एकेकाला वेगळं बसवून विचारायचं की दुसरा कसा आहे, आणि त्याच्या मते तू कशी आहेस. मग उत्तरं जुळवायची. माणूस किती स्वतःचा असतो आणि किती समोरच्याच्या नजरेने घडतो, हे मला शोधायचंय. निघण्यापूर्वी मी आणि ओंकारने आधी आपलीच परीक्षा घेतली. माझा नवरा म्हणाला, दीपिका समोरच्याला बोलूच देत नाही, चहात साखर ओतते आणि विनोद संपायच्या आधी स्वतःच हसते. मी रुसले. पण खरं तेच आहे.

१२ एप्रिल

काम झकास चाललंय. रापणीचं जाळं ओढणारे दोघे भाऊ एकमेकांविषयी इतकं वाईट बोलले की मला हसू आवरेना, आणि बाहेर येऊन एकाच बिडीतून दोघांनी झुरके मारले.

आज इमेल्डाआंटी स्वतःहून म्हणाल्या, माझी आणि माझ्या बहिणीची जोडी घे. बहीण मेल्विना. कुठे असते विचारलं तर म्हणाल्या, "ती येतली. तू बस गो तिच्या खुर्चेर."

जोडीतला एक जण उशिरा येणार असला की मी त्याच्या जागी बसून दुसऱ्याचा सराव करून घेते, नेहमीचीच पद्धत. बसले. आंटींनी मेल्विनाचं वर्णन केलं: अबोल, चहा बिनसाखरेचा, तिसऱ्यांसाठी, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांसाठी, जीव टाकणारी, उजव्या मनगटावर काजू भाजताना तेल उडून झालेला डाग. शेवटी माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं, "माज्यार राग आसा काय गो तुजो अजून?"

त्यांचा चेहरा बघवेना. मी हसून म्हटलं, नाही गं, कधीच गेला. त्या ढसाढसा रडल्या. मला वाटलं, चांगलं काम केलं.

१७ एप्रिल

मेल्विना अजून आली नाही. सराव मात्र रोज होतो, आंटींना आवडतो. मलाही. गंमत म्हणजे आज त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं की लहानपणी आपण दोघी विहिरीच्या काठावर झोपायचो आणि त्यावरून पप्पांचा मार खायचो. हे मला कुणी सांगितलं? बहुधा त्याच बोलल्या असतील.

ओंकार फोनवर म्हणाला, आज फार गप्प आहेस. थकवा असेल.

२३ एप्रिल

घरात लग्न ठरलं की मेलेल्या माणसांच्या नावाने बाहेरच्या कुणाला तरी जेवू घालायचं, ही यांच्याकडची रीत. जो जेवतो त्याच्या तोंडून मेलेलं माणूस जेवतं. आज माझा मान होता. नवी साडी, ताटात तिसऱ्या. नाही कसं म्हणणार? एक खाल्ली. मग ताट चाटूनपुसून संपवलं.

हात धुताना सहज विचारलं, आज कुणाच्या नावाने जेवले? काजू सोलायला येणारी शेजारीण सावित्री तिथेच होती. ती म्हणाली, "मेल्विनाच्या, आनी कोणाच्या? ती मरान खूप वर्सा झाली, बाय. भयनीशी अबोलो धरल्यान तो मरासर सोडूक नाय."

२४ एप्रिल

आंटींना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, तूच सांगितलंस ना, राग गेला म्हणून. मग आता परत कशाला जायचं?

आज खूप बडबड करायची ठरवली होती. सुचेना. चहात साखर घातली, घोट घशाखाली उतरेना.

उजव्या मनगटावर डाग आहे. साबणाने जात नाही.

२५ एप्रिल

बॅग घेऊन निघाले. स्टँडच्या वाटेवर सावित्री भेटली. तिला ओरडून सांगणार होते, पण तीच आधी बोलली, अगदी सहज, रोज विचारते तशी: "मेल्विना, खंय चललंस गो?"

परवा तिनेच सांगितलं होतं ना, मेल्विना मेली म्हणून?

एसटी आली. कंडक्टरनेही विचारलं, मेल्विनामावशी, येताय? मी मागे फिरले. मला भीती वाटते. पुण्यात उतरले आणि तिथेही कुणी असंच म्हणालं तर?

२७ एप्रिल

ओंकारला व्हिडिओ कॉल केला. तो आदराने म्हणाला, आंटी, दीपिकाला देता का फोन?

नेटवर्क. इथे नेटवर्क वाईटच आहे. मी ठेवून दिला आणि मेसेज टाकला, लगेच ये, मला घेऊन जा. तो येतोय. त्याने मला समोर बघितलं की झालं. तो ज्या बाईला दीपिका म्हणतो ती मी. बाकी कुणी काही म्हणो. त्याने एकदा हाक मारली की मी परत—

२८ एप्रिल

अबोल. बिनसाखरेचा. तिसऱ्या.

नाही. बडबडी. साखर ओतते. हसते, आधीच हसते— कशावर?

२९ एप्रिल

ओंकार आला! भर उन्हात, घामाघूम. मी धावत दारात गेले. त्याने हात जोडले. म्हणाला, नमस्कार, दीपिका इथेच राहते ना? मी तिचा नवरा.

थट्टा करतोय. त्याला सवयच आहे. पण तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता, तिला शोधत.

मी तोंड उघडलं, अरे, मीच— आणि मागून इमेल्डा म्हणाली, मेल्विना, पावण्याक पाणी दी गो.

मी पाणी दिलं. तो म्हणाला, थँक्यू, मावशी.

आत येऊन लिहितेय. तो पडवीत बसलाय, फोन लावतोय. फोन इथे माझ्यासमोर वाजतोय. त्याने ऐकलं. विचारतोय, तिचा फोन इथे आहे, मग ती कुठे आहे?

चांगला दिसतो. डोळे भरलेत बिचाऱ्याचे. कोणाचो झील, काय म्हायत.

मी तेका सांगलंय, बस थंयसर. ती येतली. ती—