करंगळी पाचव्या घरात

७ मार्च, शुक्रवार

टेपने कॅसेट खाल्ली! सासऱ्यांच्या गाण्याची ती एकुलती एक कॅसेट. सासूबाई भाजी चिरता चिरता ऐकत होत्या. मध्येच गाणं रडवेलं झालं, घरघरलं — आणि हातात आला तपकिरी फितीचा गुंता. सासरे तरुणपणी बँडमध्ये गिटार वाजवायचे, तेव्हा त्यांनी हे गाणं सासूबाईंसाठी केलेलं. दुसरीकडे कुठेही नाही. आता संधिवाताने त्यांची बोटं वाकलीत, तार दाबली जात नाही.

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. माझ्या डोक्यात आहे सगळं." आणि पुढची भाजी इतकी बारीक चिरली की विचारायची सोय नाही.

मी बोलून बसले — "बाबा, मी वाजवीन. शिकवा मला."

दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. मला येतात चार कॉर्ड. त्याही कॉलेजातल्या!

९ मार्च, रविवार

कपाटावरची गिटार खाली आली. तारा नव्या घातल्या. सासरे खुर्चीत, मी पलंगाच्या कडेवर. ते सांगतात — "तिसरी तार, दुसरं घर" — मी दांडीवरच्या पट्ट्यांमधलं ते घर शोधून तार दाबते. गाणं तसं सोपं. एक कॉर्ड सोडून! धृपदाच्या शेवटी येते मेली. पहिलं बोट पहिल्या घरात आणि करंगळी थेट पाचव्या! माझी करंगळी चौथ्याच्या उंबऱ्यापर्यंतही जात नाही.

"बाबा, ही जरा सोपी करून घेतली तर?"

"ती काढली तर गाण्यात उरलं काय?"

बरं बाबा.

१२ मार्च

नवरा म्हणतो, "तुला लहान मुलांची गिटार आणू का?" आज त्याचा चहा त्यानेच केला.

१५ मार्च, शनिवार

कामावर, दातांच्या दवाखान्यात हातमोजा चढवताना डोळ्यांत पाणी आलं. बोटांची टोकं नुसती ठणकतात. एका पेशंटचे दात साफ करायचे होते. उजव्या हातात नळी धरून मी त्यांना सांगतेय, "अजून थोडं उघडा, अजून थोडं" — आणि डावा हात मांडीवर ठेवून करंगळी ताणतेय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कसला व्यायाम?"

"तोंड उघडायचा."

"त्यांचा की तुझा?"

पेशंटला हसू आवरेना, आणि तोंड तर मिटता येईना!

१९ मार्च

नाही जमत. नाहीच जमत. मनगट भरून येतं, आणि तार वाजते कुठे? भणभणते, बाटलीत अडकलेल्या माशीसारखी. शेवटी भडकले. "तुमचे हात सुपाएवढे होते बाबा, माझे नाहीत!"

ते उठून गॅलरीत गेले. मी गिटार भिंतीला टेकवली. संपलं, म्हटलं.

सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. गुणगुणत होत्या. धृपद अर्ध्यावर आलं आणि त्या थांबल्या. हातात ओला टॉवेल तसाच. "पुढे कसं गं जातं ते?"

मला विचारलं त्यांनी. मला! ज्यांच्यासाठी केलंय, त्यांच्या डोक्यातूनही ते पुसायला लागलंय.

गिटार परत घेतली.

२० मार्च

सासरे आपणहून शेजारी येऊन बसले. कालचा विषय नाही. म्हणाले, "अंगठा खाली घे. दांडीच्या वरून डोकावतोय तो, पाठीमागे टेकव. आणि आधी भोकाच्या बाजूला जा, तिकडे घरं अरुंद आहेत. तिथे कॉर्ड बसली की एकेक घर मागे ये."

तिकडे बसली! आवाज चिरका, पण बसली. माझी बोटं फाकतात तर!

२७ मार्च

एकेक घर मागे येतेय. आता शेवटची दोन राहिली आणि तिथे करंगळी हटून बसलीय. पाठीवर हात फिरवून झाला, शिव्या देऊन झाल्या.

२ एप्रिल, बुधवार

बसली! बसली! बसली!

ताईचा फोन होता. फोन खांद्यात धरलेला, गिटार मांडीवर. ताई तिच्या नव्या पडद्यांबद्दल सांगत होती, मी हं हं करत होते. खाली बघते तर करंगळी आरामात पाचव्या घरात जाऊन बसलेली! मग हळूच दुसरी बोटं ठेवली. मग पहिलं बोट मागे सरकवलं — गेलं पहिल्या घरात!

इतके दिवस पहिलं बोट रोवून बसत होते आणि करंगळीला फरफटत नेत होते. करायचं होतं उलटं. आधी तिला बसवायचं, बाकीच्यांनी मागे यायचं.

तारा छेडल्या. एकेक सूर स्वच्छ, लख्ख! फोन खाली पडला. आतून ताई ओरडतेय, "काय पडलं? कोण पडलं?"

"कोणी नाही! बसली!"

"कोण बसली?"

"करंगळी!"

ताईने नवऱ्याला हाक मारलेली ऐकू आली — "अहो, हिचं काहीतरी बिनसलंय."

६ एप्रिल, रविवार

पूर्ण गाणं वाजवलं, सासूबाईंना समोर बसवून. धृपदाच्या शेवटाला करंगळी आधी, मग बाकीची — बसली! आणि सासूबाई गायल्या. अडल्या होत्या ना, त्याच्या पुढची ओळ आपसूक आली. मग त्याच्या पुढची. सासरे खाली मान घालून गुडघ्यावर ताल धरून होते. नवऱ्याने फोनवर रेकॉर्ड केलं, आणि लगेच ताईला पाठवलं.

"परत एकदा," सासूबाई म्हणाल्या. चार वेळा परत एकदा!

आज मला दहा हात मोठं झाल्यासारखं वाटतंय. दहाही डावे.

९ एप्रिल

सासऱ्यांचे बँडमधले एक जोडीदार आले होते, मुद्दाम बोलावलेले. "वाजव," सासरे म्हणाले. वाजवलं. ती कॉर्ड आली आणि पाहुणे खुर्चीतून उठले, चष्मा सावरत माझ्या हाताशी आले. "अरे, ही तर आपण दोन गिटारींवर वाजवायचो! खालचे सूर तू, वरचे मी. एका हातात बसतच नाही ही!"

सासरे म्हणाले, "हिला कुठे माहीत होतं?"