कोरं ठेवलेलं फूल

हिंगोली, कार्तिक वद्य, मंगळवार, १९४८

दिवेलागणीला भिंतीकडं पाहिलं. शेजारच्या नफीसाबींची सुझनी पूर्ण झालेली! त्यांच्या आजीनं लग्नात बुखाऱ्याहून आणलेला हा भरतकामाचा पडदा. कोपऱ्यातलं एक फूल मुद्दाम कोरं ठेवलेलं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गाव सोडताना नफीसाबींनी तो माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "भाबी, ये फूल नक्को भरो. ये बाकी है तो घर बाकी है." पोचल्यावर कळवणार होत्या. अजून काहीच नाही. पोचल्या तरी का?

आणि आज सासूबाईंनी ते फूल भरून टाकलं. "अर्धवट शिवण घरात ठेवू न्हाई, अवदसा येती. बराबर जमलं का न्हाई?"

जमलं होतं. तोच लाल रंग, तसाच टाका. त्यांनीही घर राखायलाच भरलं ना?

भाकरी तव्यावर टाकायची सोडून सुई घेतली अन् एकेक टाका उसवला. धागा सगळा निघाला. कापडाला भोकं राहिली, अगदी फुलाच्या आकाराची. दिव्यासमोर धरलं तर त्यातून उजेड येऊन राहिलाय. फूल अजून भरलेलंच दिसतंय.