मला विचारा, मी समोर बसलेय

६ नोव्हें.
खालापूरला डॉ.कडे. हार्टचं पंपिंग अजून कमीच. खुर्चीत बसलेली मी आणि डॉ. विचारतात प्रशांतला. "आईंना झोप लागते का?" माझा पोरगा म्हणतो, "मस्त झोपते." "जेवण?" "खाण्याचे जरा नखरे." मी काय टेंपोतून उतरवलेली गोणी? तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत.
मस्त झोपते म्हणे! आडवी झाले की श्वास कोंडतो. उशा रचून, भिंतीला टेकून बसते. हे त्याला सांगितलंय. चांगलं ओरडून सांगितलंय.

९ नोव्हें.
मनीषाने वांग्याची भाजी केली, डॉ.च्या पथ्याची, मीठ नावाला. बिचारी सून तरी काय करणार. चवीचं सोडा, दोन घासांतच पोट गच्च. ताट सरकवलं. प्रशांत : "उपाशी राहून कोणाला दाखवतेस गं?"
मोहोपाड्यात खानावळ चालवून याला वाढवला. कंपनीतली पोरं माझ्या हातचं खाऊन ड्यूटीवर जायची. न जेवण्याची हौस मला?

१५ नोव्हें.
पौर्णिमा. दम खात खात विहारात. वंदना झाल्यावर शेजारची संगीता कानाशी लागली, "वैनी, पोरावर रुसून जेवत नाय म्हनं तुमी?" म्हणजे गावभर केलं याने! सगळ्यांसमोर रडू फुटलं. हल्ली कशानेही फुटतं. सकाळी उठावंसंच वाटत नाही. हे मेलं कुणाला…

२१ नोव्हें.
परत डॉ. दारातच प्रशांतला म्हटलं, "तू भायेर बस."
"आई, तुला नीट सांगता येनार नाय."
"बस म्हनते ना."
सगळं सांगितलं. श्वास, पोट, रडणं. डॉ. म्हणाले, "हे सगळं याच आजारातलं. पाणी साठलंय, पोटाकडेसुद्धा, म्हणून भूक मरते. मनही खचतं, त्यालाही औषध असतं. आधी का नाही बोललात?"
"आधी मला विचारलंत कुठं?"
पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "चुकलं माझं." लघवीची गोळी वाढवली. मनाच्या डॉ. कर्जतला बसतात, त्यांना भेटा म्हणाले.
गाडीत प्रशांत गिअर आदळत होता. टोलनाका गेल्यावर : "बाहेर बसवून माझी इज्जत काढलीस." याची इज्जत! श्वास माझा कोंडतोय.

२८ नोव्हें.
पायांची सूज उतरली. दुपारी एका उशीवर डोळा लागला. भाकरीही जरा गेली. मन मात्र तसंच, काळवंडलेलं.
जेवताना कर्जतचं काढलं. प्रशांत : "येड्यांच्या डॉक्टरकडं? लोक काय म्हनतील?"
मी काही बोलायच्या आत मनीषा, जी त्याच्यासमोर कधी ब्र काढत नाही, म्हणाली, "मी नेते आईंना. सोमवारी."
"तू गप गं."
"नाय गप बसत. लोकांनी काय बघितलंय? आईंचं रडनं मी बघते रोज."
तो ताटावरून उठला. बाहेर गाडी सुरू केली, कुठे चाललाय न सांगता गेला.
मनीषाने त्याचं ताट बाजूला केलं. "आई, जायचं ना?"
"जायचं," म्हटलं. केवढ्याने म्हटलं! अजून छाती धडधडतेय.
प्रशांत अजून आला नाही.