लपवलेला खोकला

प्रिय चिमणे,

फोनवर बोलले असते, पण बाबा इथे दवाखान्यात समोरच्या खाटेवर आहेत आणि झोपेचं सोंग घेण्यात पटाईत आहेत. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. धसका घेऊ नकोस. ते जेवतात, सगळ्यांशी बोलतात, नर्सबाईंचे केस कुणी वाकडे कापलेत तेही सांगून झालंय. फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

केमोच्या वेळी त्यांचे केस गेले, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं थट्टा करायची आणि हे कात्री चालवत म्हणायचे, "घाबरू नका, तुमचे थोडे ठेवीन." घरी मात्र नळ सोडून, न्हाणीघराचं दार लावून ओकत बसायचे. एवढं सोसूनही गाठ जागची हलली नाही, म्हणून हे प्रतिकारशक्तीचं औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, केमो गाठीवर घाव घालते, हे औषध शरीरातल्या पहारेकऱ्यांना मोकळं सोडतं. पण मोकळे सुटलेले पहारेकरी कधीकधी आपल्याच घरात धुडगूस घालतात. जुलाब, पुरळ, खोकला, काहीही झालं तरी लगेच कळवा.

गाठ आटली तेव्हा आपण दोघी फोनवर किती रडलो! मग खोकला सुरू झाला. हे म्हणाले, कापलेले केस घशात जातात. मला खरंच वाटलं. पुढे जिन्याच्या वळणावर थांबून खिशात किल्ली शोधू लागले, आणि किल्ली तर माझ्या हातात! डॉक्टरांचं नाव काढलं तशी माझं मनगट घट्ट धरलं. "सांगितलंस तर औषध बंद करतील. माझी शपथ आहे तुला." मी गप्प बसले खरी, पण ते दुकानातून येईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा.

परवा डोसची बाटली टांगून झाली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही त्रास? हे म्हणाले, "छे, मजेत." माझ्याच्याने राहवलं नाही. "खोटं बोलतायत! दोन वाक्यं बोलले तरी धाप लागते!" एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचा खिसाच कापला.

फुप्फुसांना सूज निघाली. डोस थांबवून स्टिरॉइड सुरू केलंय, श्वास आता बराच सुधारलाय. ते औषध बहुधा पुन्हा देता येणार नाही. गाठ अशीच दबून राहील का विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींची राहते, खात्री देता येत नाही.

आज सकाळी भिंतीकडे तोंड करून ते एवढंच म्हणाले, "पोरीला शब्द दिला होता, एकही डोस चुकवणार नाही." तू परत निघताना दारात घेतलेला तो शब्द. तू मायेनेच घेतलास, तेव्हा स्वतःला बोल लावायचा नाही. पण माझं ते ऐकत नाहीत. फोन कर आणि तूच त्यांना त्या शब्दातून मोकळं कर. मी फोन त्यांच्या हातात देईन आणि बाहेर जाऊन उभी राहीन.

वाट बघणारी, तुझीच
आई