उन्हातली खुर्ची

तनयाताई,

आईच्या तेराव्याला तू विचारलंस, "शेवटी शेवटी आई माझ्याशी फोनवर नीट का बोलत नव्हती रे?" मी ताटं उचलून आत निघून गेलो. उत्तर इथे लिहितोय. पाठवेन असं वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, कर्जतची ओल हिच्या दम्याला सोसणार नाही, कोरड्या उन्हाच्या गावी हलवा. तू म्हणालीस, सोलापूरचं घर बघून या, पण माणसं आपल्यासारखी हवीत, नाहीतर आई एकटी पडेल. होळीनंतर आई-नानांना घेऊन मी जाऊन आलो आणि तुला कळवलं, घर बरंय, माणसं मात्र वेगळीच आहेत.

खोटं होतं गं ते. घरमालकीण इंदूबाईंनी आईला गच्चीत सकाळच्या उन्हात बसवलं, "जेवल्याबिगर सोडत नसते बघा" म्हणाल्या, निघताना खणानारळाने ओटी भरली. जिना उतरताना आईला धाप लागली नाही. "आपल्यातलीच आहेत रे," म्हणाली. त्या खणाचा ब्लाउज शिवून घेतला, तिकडे राहायला जाताना घालायला.

इथल्या श्रद्धावर माझं प्रेम आहे; तिला सोडून मला कर्जतबाहेर जायचं नव्हतं. म्हणून आई-नानांना सांगितलं, "ताईच नको म्हणतेय."

ब्लाउज अजून घडीतच आहे. त्याला बुरशी आलीय.

इंदूबाईंना नकार कळवायचंही मी टाळलं होतं. काल त्यांचा फोन आला. "आईंची खुर्ची गच्चीतच ठेवलीय बघा. कधी येताय?"

मी म्हणालो, "पाऊस उघडला की आणतो तिला."

तुझा,
देवव्रत